हाकेच्या अलीकडे

प्रमिलाबाईंनी चिंचेच्या कोळानं झांजा घासल्या, अंगणातल्या नळाखाली धुतल्या आणि पदरानं पुसता पुसता, नवऱ्याकडे न बघताच सांगून टाकलं, "रविवारी कीर्तन हाये म्हणून सांगून आली मी फादरले."

पायरीवर बसून शेंगा फोडणारे विवेक मास्तर थांबले. "कोणाले विचारून?"

"कोणालेच नाई. तुमाले विचारलं असतं तर तुमी नाई म्हटलं असतं."

"आताही नाईच म्हणतो."

"म्हणा. कीर्तन तं ठरलं." त्यांनी झांजेवर झांज अलगद टेकवली, आवाज विरेपर्यंत कान दिला आणि मग म्हणाल्या, "मामाजीले, तुमच्या बाबाले, माती दिली त्या सालीही हे आख्यान चुकलं नवतं. तुमीच उभे राह्यले होते, सुजलेले डोळे घेऊन."

मास्तरांच्या हातात शेंगा जास्तच जोरात फुटू लागल्या.

सेलूहून हिंगणीकडे जाताना रस्त्याला लागून एक छोटं कौलारू चर्च आहे. पलीकडे कपाशीचं वावर, अलीकडे दोन कडुनिंब. माणसं मूठभर. काही जुनी मराठी कॅथलिक घरं, दवाखान्यात नोकरीला आलेल्या केरळच्या नर्सा, चार-दोन आदिवासी कुटुंबं. या चर्चला एक गोष्ट लाभली होती, जी मोठमोठ्या चर्चना लाभत नाही. इथे कीर्तन होई. मास्तरांचे वडील लक्ष्मणराव हे गावोगाव फिरणारे धर्मशिक्षक. सायकलच्या कॅरिअरला पेटी बांधून जात आणि प्रभूची गोष्ट उभ्यानं गाऊन सांगत. नमन, पूर्वरंग, उत्तररंग, आरती; सगळं रीतसर. ज्याला वाचता येत नव्हतं त्यालाही लक्ष्मणरावांच्या चालीमुळे सगळं शुभवर्तमान पाठ असे. वडलांमागे उपरणं विवेककडे आलं. शाळेत मराठी शिकवायचं आणि ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात कीर्तन करायचं, अशी तीसेक वर्षं गेली.

उपवासकाळाच्या पाचव्या रविवारी ठरलेलं आख्यान बेथानी गावचं. मार्था आणि मरिया या दोन बहिणी, त्यांचा भाऊ लाजरस आजारी पडतो, त्या येशूला निरोप धाडतात, तो उशिरा येतो. तोवर भाऊ थडग्यात जाऊन चार दिवस झालेले असतात. मग येशू थडग्यापाशी उभा राहून हाक मारतो आणि मेलेला बाहेर येतो. लक्ष्मणरावांनी त्यात एक सोय करून ठेवली होती. वेदीच्या मागे एक खोली आहे, फादर जिथे मिस्सेचा, म्हणजे रविवारच्या उपासनेचा, झगा चढवतात ती. त्या खोलीत एखादं पोर पांढऱ्या चादरीत गुंडाळून उभं करायचं. बुवांनी वरच्या षड्जात हाक मारली, की तबल्याची लय दुप्पट होई, दाराचा पडदा हले आणि चादरीतलं पोर लुटूलुटू बाहेर येई. दरवर्षी लोकांना ठाऊक असे, आणि दरवर्षी लोकांच्या अंगावर काटा येई.

चालायला लागल्यापासून ते पोर म्हणजे इला. मास्तरांची एकुलती एक. चादर लांब पडू लागली, मग पुरू लागली, मग अपुरी पडू लागली, तरी दुसऱ्या कुणाला ती तिथे उभी राहू देईना. नर्सिंगला गेल्यावरही त्या रविवारी एसटीनं यायची. "बाबा, हाक नीट मार हं," असं म्हणून पडद्यामागे जायची.

गेल्या वर्षी पोळा झाला आणि ती तापानं आजारी पडली. ताप मेंदूत गेला म्हणाले. अतिदक्षता विभागाच्या बाहेर बाकावर बसून मास्तरांनी जपमाळ ओढली. पण खरं सांगायचं तर हा माणूस तिथे काही मागतच नव्हता. तो वाट बघत होता. येणार हे ठाऊक असलेल्या एसटीची वाट बघावी, तशी. डॉक्टर बाहेर आले, काय बोलले ते मास्तरांना समजलं, तरी ते थोडा वेळ तसेच दाराकडे बघत बसून राहिले. प्रमिलाबाईंनी हातातली माळ काढून घेतली तेव्हा कुठे ते उठले.

मातीला सगळं गाव आलं. जो तो काहीतरी बोलला. देवाले चांगली फुलं लवकर आवडते, असं एकजण म्हणाला. दुसऱ्यानं सांगितलं, तुमच्यासारख्या भक्ताचीच परीक्षा होते, मास्तर. मास्तर मान हलवत राहिले. शाळेत पोरांना चुकीचं उत्तर लिहिलं की ते खाली लाल रेघ मारत. त्या दिवशी त्यांच्या मनात एकेका वाक्याखाली रेघ पडत गेली.

नाताळच्या मिस्सेला ते रांगेत उभे राहिले. फादरांनी भाकर वर धरली, "ख्रिस्ताचे शरीर" म्हणाले. यावर "आमेन" म्हणायचं असतं. म्हणजे, होय, हे खरं आहे. तोंड उघडलं, पण शब्द आला नाही. मागे रांग खोळंबली. मास्तर हात जोडून बाजूला झाले, ते झालेच. त्यानंतर दर रविवारी प्रमिलाबाई त्यांच्या गुडघ्यांना वळसा घालून वेदीकडे जात, आणि ते बाकावर बसून राहत. दोघं घरी येत. त्यावर शब्द निघत नसे.

आणि मास्तरांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. ईस्टरपर्यंत कसंबसं जायचं, पुढे जायचं नाही. जे खरं वाटत नाही त्याच्यात बसून राहणं म्हणजे दुसऱ्याच्या पेपरवर आपलं नाव घालण्यासारखं. अडचण एकच होती. चाळीस माणसांतून उठून जाता येतं. बाकावर शेजारी बसलेल्या बायकोजवळून उठून कसं जायचं? पोरगी गेली त्या घरात ही बाई देवाच्या आधारानं उभी होती, असं त्यांना दिसत होतं. तो आधार तिच्यापुरता राहील, पण ती त्यात एकटी राहील.

कीर्तन ठरल्याचं कळल्यावर शेवटी ते फादरांकडे गेले. फादर केरळचे. मराठी पुस्तकातून शिकलेले, त्यामुळे बोलले की शिलालेख वाचल्यासारखं वाटे. गावातली पोरं त्यांची नक्कल करत, आणि फादरही हसत.

"फादर, मी कीर्तन करणार नाही. माझा आता विश्वास नाही."

फादर गच्चीत वाळवलेली मिरची गोळा करत होते. ते हातातलं सूप घेऊन तसेच उभे राहिले. "कशावर नाही, सर?"

"थडग्यातून कोणी बाहेर येतं, यावर."

"अस्से." त्यांनी सुपातल्या दोन मिरच्या निवडून बाजूला टाकल्या. मग म्हणाले, "मजजवळ उत्तर असते, तर मी आपणांस तेव्हाच दिले असते. नाही. तथापि, कीर्तन आपण करावे. इतकी वर्षे आपण आपल्या विश्वासाने केले. या वर्षी वडिलांच्या विश्वासाने करावे."

हे मास्तरांना पटलं नाही. पण पटलं नाही म्हणून सांगायला घरी आले, तर प्रमिलाबाईंनी पेटी खाली काढून तिचा भाता तपासायला घेतला होता.

शनिवारी हिंगणीहून तानबा आला. तानबा तबलजी. घरचा देव विठोबा, गळ्यात माळ, सप्ताह म्हणू नका, जागरण म्हणू नका, सगळीकडे बोलावणं. लक्ष्मणरावांच्या साथीला हे आख्यान त्यानं पोरवयापासून वाजवलेलं.

"या तानबा," मास्तर म्हणाले. "चहा घेता?"

"घेतो ना जी. तुमचा देव न् आमचा देव, ठेका एकच हाये. फरक एवढाच का तुमच्या इथं चहात साखर कमी पडते."

"शुगर निघाली तुमाले मागच्या सालीच," प्रमिलाबाई आतून म्हणाल्या.

"शुगर निघाली मले, वैनी. चहाले नाई निघाली."

मास्तर हसले, आणि आपण हसलो हे लक्षात येताच त्यांचं त्यांनाच कसंतरी झालं. तालीम सुरू झाली. मार्थेची साकी झाली, मरियेचं पद झालं. हाकेची जागा जवळ आली तसा तानबानं हात थांबवून विचारलं, "यंदा पोर कोण हाये, बुवा?"

"कोणी नाई. दार बंदच ठेवू."

तानबा डग्ग्यावर तळवा टेकवून बसला. त्याच्या विचारण्यात काही खोच नव्हती. ठेका कुठे बदलायचा, एवढंच त्याला हवं होतं. "मंग तुमी हाक कोणाले माराल?"

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. मास्तरांनी पेटीची एक पट्टी उगाच दाबून धरली. "तुमी मागच्यासारखंच वाजवा," ते म्हणाले. पुढची तालीम झाली नाही.

रविवारी ऊन उतरल्यावर लोक जमले. चर्चमधले क्रूस आणि मूर्ती त्या दिवसापासून जांभळ्या कापडानं झाकतात, ते ईस्टरपर्यंत. त्यामुळे वेदीवर नेहमीचा चेहरा नव्हता, नुसती एक झाकलेली उंची होती. उपवासकाळात फुलं नसतात. म्हणून पूर्वरंग संपला की बुवांना सुताचा हार घालायचा, हीही जुनी रीत. रुख्मिणीआजी हा हार करी. बाप्तिस्म्याचं नाव रोझ, पण त्या नावानं हाक मारली तर ती वळून बघत नसे. तिनं चरख्यावर कातलेलं सूत चाळीस वर्षं या कीर्तनाला येत होतं.

मास्तर उभे राहिले. डावीकडे पेटीवर शाळेतला एक जुना विद्यार्थी, उजवीकडे तानबा, मागे झांज धरून प्रमिलाबाई. पूर्वरंगाला त्यांनी वाट पाहणं हा विषय घेतला. शेतकरी पावसाची वाट पाहतो, मुलगी माहेरच्या माणसाची, रोगी सकाळची. "वाट पाहण्याला तपश्चर्या का म्हणत नाहीत?" ते म्हणाले. "कारण तपश्चर्येला फळ असतं." असं वाक्य लक्ष्मणरावांच्या कीर्तनात कधी नव्हतं. लोकांना ते खोल वाटलं. प्रमिलाबाईंची झांज मात्र अर्ध्या मात्रेनं चुकली.

रुख्मिणीआजीनं काठी टेकत येऊन हार घातला. उत्तररंग सुरू झाला.

आणि मग जे झालं ते पुष्कळ दिवस लोक सांगत होते. मास्तर असे कधी गायले नव्हते. आजवर ते मार्थेचं दुःख सांगत. त्या दिवशी ते मार्थाच झाले. घरी माणसांची गर्दी, कोपऱ्यात बहीण, गावाच्या वेशीवर उशिरा पोचलेला तो, आणि धावत जाऊन त्याची वाट अडवणारी ही.

उशीर केला स्वामी तुम्ही, दार लागले आता
चार दिसांचा निजला भाऊ, कुणास हाका देता?

पहिल्यांदा ती ओळ तक्रारीसारखी आली. दुसऱ्यांदा तिच्यात राग होता. तिसऱ्यांदा मास्तरांनी आवाज इतका खाली नेला की पंख्याची घरघर ऐकू आली, आणि तो प्रश्न अगदी साधा प्रश्न होऊन राहिला. केरळच्या नर्सांना शब्द नीट कळत नव्हते, त्यांनीही डोळ्यांना रुमाल लावले. इला सुट्टीत घरी आली की त्यांच्याच वॉर्डात काम शिकत असे.

आख्यान पुढे गेलं. येशू थडग्याशी आला. बहिणी रडताना पाहून त्यालाही रडू आलं. हे मास्तरांनी गद्यातच सांगितलं, दोन शब्दांत. धोंड बाजूला झाली, हेही सांगितलं. तानबानं ठेका मंद करून बोटं उचलून धरली. आता हाक.

मास्तरांनी दाराकडे पाहिलं. मागच्या खोलीचा हिरवा पडदा सरळ लोंबत होता. त्यांनी श्वास घेतला. वरचा षड्ज गळ्यात तयार होता, तो कधी दगा देणारा नव्हता. पण त्या क्षणी त्यांना एवढंच कळलं की ही हाक मारली आणि पडदा हलला नाही, तर ते आपल्याला सहन होणार नाही. आजवर हाक मारताना पडद्यामागे कोणीतरी आहे हे ठाऊक होतं. त्याला आपण विश्वास म्हणत होतो का? ते तसेच उभे राहिले. तानबानं थोडा वेळ लय सांभाळली, मग त्याचेही हात थांबले. पेटीचा सूर विरत गेला.

शांतता पडली.

आता इथे एक चूक झाली, आणि ती फक्त याच लोकांकडून होऊ शकत होती. गुड फ्रायडेला प्रभूच्या मरणाचा वृत्तांत वाचताना, त्यानं प्राण सोडला त्या ओळीवर वाचणारा थांबतो, आणि सगळं चर्च गुडघे टेकून गप्प राहतं. ही सवय लहानपणापासून हाडात मुरलेली. बुवा थांबले, सूर थांबला, समोर झाकलेला क्रूस. रुख्मिणीआजीला वाटलं, तीच जागा आली. ती काठीला धरून हळूहळू खाली गेली. तिच्याकडे बघून शेजारची गेली. मग बाकामागून बाक, सगळे गुडघ्यांवर. फादरसुद्धा खाली टेकले. तानबा चमकून इकडेतिकडे बघू लागला आणि मग त्यानंही हात जोडले.

उभे राहिले दोघंच. मास्तर, आणि त्यांच्या मागे झांज धरलेल्या प्रमिलाबाई.

समोर एवढी डोकी वाकलेली. मास्तरांच्या लक्षात आलं, की आता काही करायलाच नको. थोडा वेळ असंच राहायचं, कपाळाला क्रूस करायचा, आरती लावायची. लोक घरी जाताना म्हणतील, यंदा मास्तरांनी हाक मुक्यानं मारली, काय शेवट केला. ते आदरानं रस्त्यातून बाजूला होतील. आणि पुढे ते कधी चर्चला आले नाहीत, तरी लोक म्हणतील, दुःखानं खचला बिचारा, पण कीर्तन काय केलं होतं. सगळं किती सोपं होतं. फक्त त्यांच्या विश्वास नसण्यालाच लोकांनी विश्वास समजून गुडघे टेकले होते, आणि हे एका मराठी शिकवणाऱ्या माणसाला चालणारं नव्हतं.

"उठा," ते म्हणाले.

कोणी उठलं नाही. ऐकूच गेलं नाही बहुतेक.

"उठा जी. हे मौन नाई. मले पुढचं म्हणता येऊन नाई राह्यलं."

डोकी वर झाली. धनंजय, चर्चचा सगळा कारभार बघणारा तरुण माणूस, लगबगीनं पुढे आला. "सरांची तब्येत जरा—"

"तब्येत चांगली हाये, धनंजय. शब्दही पाठ हायेत. मी नाताळापासून प्रसाद घेत नाई, तुमी सगळे पाह्यता, कोणी विचारत नाई. मार्था म्हणते तिथपर्यंत मले म्हणता येते. तो रडला, तेही म्हणता येते. त्याच्या पुढचं मले खरं वाटत नाई. वाटावं म्हणून लय बसलो. नाई वाटत. तुमच्यापुढे खोटं गायाचं नाई म्हणून थांबलो. बस, एवढंच."

लोक गुडघ्यांवर तसेच होते, अर्धे उठलेले, अर्धे न उठलेले. कोणाला काय करावं सुचेना. तेवढ्यात रुख्मिणीआजी म्हणाली, "ते सगळं ठीक हाये मास्तर, पण मले कोणी तरी उठवा आधी. माह्यानं नाई उठवत."

दोन नर्सांनी तिला धरून उभं केलं. उभी राहून तिनं लुगडं झटकलं. "मंग आरती करत असान का नाई?"

उत्तर तानबानं दिलं. त्याचा आवाज घोगरा झाला होता. "आख्यान पुरं झाल्याबिगर आरती नसते होत, आजी. आमच्यातही नाई न् यांच्यातही नाई. आज असंच उठाव लागते."

"मंग असंच उठू," आजी म्हणाली.

कीर्तन संपलं की श्रोते बुवांना येऊन भेटतात, ऊरभेट घेतात; ही रीत लक्ष्मणरावांनी ठेवली होती. आज कीर्तन संपलं नव्हतं, तर भेट घ्यावी की नाही हे कोणाला कळेना. रुख्मिणीआजी मात्र काठी टेकत सरळ गेली आणि मास्तरांच्या छातीशी डोकं लावून उभी राहिली. मग नर्सा आल्या, धनंजय आला. ज्यांनी मातीच्या दिवशी फुलांच्या आणि परीक्षेच्या गोष्टी केल्या होत्या तेही आले, आणि नुसतेच भेटून बाजूला झाले. इतक्या महिन्यांत मास्तर लोकांसमोर रडले नव्हते. आता ते रडले. तानबा डग्गा कपड्यात बांधता बांधता पाठ करून बसला होता, कारण त्यालाही आवरेना.

शेवटी फादर आले. "पुढील रविवार झावळ्यांचा आहे, ईस्टरपूर्वीचा अखेरचा. आपण यावे."

"प्रसाद घेणार नाई मी, फादर."

"न घ्यावा. रांगेत यावे. हात छातीवर दुमडून उभे राहावे. मी केवळ मस्तकावर हात ठेवीन. आमेन म्हणण्याची आवश्यकता नाही."

मास्तरांनी गळ्यातला सुताचा हार काढून हातात घेतला.

घरी जाताना स्कूटरवर मागे प्रमिलाबाई, मांडीवर पेटी. सेलूचे दिवे दिसू लागले. मग मास्तरांनीच गाडी बाजूला घेतली, कारण बोलल्याशिवाय घरात शिरणं त्यांना जमणार नव्हतं.

"मी ईस्टरनंतर बंद करणार होतो," ते म्हणाले. "जाणंच."

"मले माहीत हाये."

"कोणी सांगितलं?"

"तुमी झोपेत बोलता. न् जागेपणी बोलत नाई." त्या खाली उतरल्या, पेटी गाडीच्या सीटवर ठेवली. "तुमाले वाटते मले ते सगळं खरं वाटते म्हणून मी जाते?"

मास्तरांनी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

"मी भांडाले जाते तिथं. दर रविवारी. रांगेत उभी राह्यते न् मनात म्हणते, आलास का आता? लाज नाई वाटत तुले? न् तो समोर येते भाकरीतून, मी घेते. दुसरं कोण हाये भांडाले? तुमच्याशी भांडू? तुमी तर गप. तुमी गप बसले घरात न् मी भांडून राह्यली देवळात, असे दिवस काढले आपण."

"मले वाटलं तुले आधार हाये."

"आधार नाई हो. पण वहिवाट हाये." त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि काढला. "तुमाले खरं वाटत नाई, तर नका म्हणू. आज थांबले ते बरं केलं. तुमी हाक मारली असती न् मी पडद्याकडे पाह्यलं असतं. मले माहीत हाये मी पाह्यलं असतं. पण मले एकटीले सोडून जाऊ नका त्या बाकावर. पोरगी गेली. तिच्या नावानं भांडाले दोघं तरी पाह्यजे."

रस्त्यानं एक ट्रॅक्टर गेला, त्याची धूळ मास्तरांनी पेटीवरून पुसली. मग मास्तर म्हणाले, "मले भांडता येत नाई. भांडाले समोर कोणी हाये असं वाटाव लागते."

"मंग नुसते उभे राहजो. भांडाचं मी पाह्यते."

झावळ्यांच्या रविवारी सकाळी मास्तर चर्चला आले. शेवटच्या बाकावर बसले. विश्वासांगीकार, म्हणजे विश्वासाची कबुली, म्हणायला सगळे उठले तेव्हा तेही उठले, पण ओठ हलले नाहीत. प्रसादाची वेळ झाली. प्रमिलाबाई उठल्या, आणि मास्तरांच्या गुडघ्यांना वळसा घालणार तोच मास्तर उठून बाकाबाहेर झाले आणि त्यांच्या मागे रांगेत उभे राहिले.

रांग हळूहळू सरकत होती. पुढे प्रमिलाबाईंची ताठ पाठ दिसत होती. तिकडे मनात काय चाललं असेल ते आता त्यांना ठाऊक होतं. तिनं आमेन म्हटलं, ते रागावल्यासारखं ऐकू आलं. मग त्यांची पाळी आली. त्यांनी हात छातीवर दुमडले. फादरांनी डोक्यावर हात ठेवला. तळव्याला मिरचीचा नव्हे, मेणाचा वास होता. मास्तर वाट बघत होते, आत काही हलतं का. काही हललं नाही. कोणी आलं नाही. इला गेली होती ती गेलेलीच होती.

हात निघाला. ते वळले आणि प्रमिलाबाईंच्या मागोमाग बाकाकडे परत आले. तिनं सरकून त्यांना जागा दिली.